ज्याचा खांदा, त्याचा सण

फेस्त म्हणजे काय, हे बेळगावकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. घाट उतरला की गोवा. आणि गोव्यात गावागणिक चर्च, चर्चागणिक संत नि संतागणिक वर्षातला एक दिवस. त्या दिवशी चर्चवर रोषणाई होते, मिरवणूक निघते, बँड वाजतो, बाहेर खाज्यांची आणि चण्याफुटाण्यांची दुकाने लागतात. आपण ते लांबून पाहतो आणि 'त्यांचा सण' म्हणून पुढे जातो. पण म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तेल घेऊन जाणारी हिंदू माणसे पाहिली, ही सायबीण शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते हे ऐकले, की 'त्यांचा' या शब्दाचे टोक जरा बोथट होते. मग सण कोणाचा? ज्याच्या देवाचा आहे त्याचा? ज्याच्या पूर्वजांनी सुरू केला त्याचा? की जो त्याचा खर्च उचलतो त्याचा?

या प्रश्नाचा विचार आपल्याच गावच्या जत्रेवरून करू गेले की मानापमान आडवे येतात. कोणाचे नाव आधी घेतले, कोणाचे राहून गेले, यावरच चर्चा संपते. म्हणून जरा दूरचे उदाहरण घेतो. इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यात मोंते इंजिनो या डोंगराच्या उतरणीला बिलगून गुब्बियो नावाचे जुने दगडी शहर वसलेले आहे. वस्ती सुमारे तीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. संत फ्रान्सिसने ज्या लांडग्याला माणसाळवले अशी कथा आहे, तो लांडगा याच गावचा. परंतु गावाचा पालक संत फ्रान्सिस नव्हे. तो मान उबाल्दो या बिशपाचा. दर वर्षी १५ मे रोजी, त्याच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, गुब्बियोत जो सण होतो त्याला 'चेरी' म्हणतात. (फळाशी याचा काही संबंध नाही. चेरो म्हणजे मेणबत्ती. चेरी हे त्याचे अनेकवचन.)

उबाल्दो हा मोठा चमत्कारी पुरुष होता असे नाही. तो ११२९ साली गुब्बियोचा बिशप झाला आणि ११६० च्या १६ मेला वारला. ११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा स्पोलेतो शहर जाळून-लुटून या बाजूला आला, तेव्हा म्हाताऱ्या उबाल्दोने त्याच्यासमोर जाऊन आपले गाव वाचवले, अशी त्याची ख्याती आहे. पण मला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. गावाच्या तटाची भिंत बांधणारे गवंडी त्याच्या द्राक्षमळ्यात शिरले. उबाल्दोने मुकादमाला सौम्य शब्दांत हटकले. त्या रागीट मुकादमाने बिशपलाच ढकलून चुन्याच्या गाऱ्यात पाडले. उबाल्दो अंग झटकून मुकाट्याने घरी गेला. गाव मात्र खवळले. मुकादमाचे घर पाडा, त्याला गावाबाहेर काढा, अशी ओरड झाली. तेव्हा उबाल्दो म्हणाला की, हा माझा गुन्हेगार, याचा न्याय मीच करणार. आणि भर सभेत त्याने त्या मुकादमाला जवळ घेऊन त्याचे चुंबन घेतले. पुढे गंमत अशी झाली की याच उबाल्दोला गावच्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी आपला संत म्हणून उचलले. ज्याला गाऱ्यात पाडले त्यालाच खांद्यावर घेतले! आजही या सणाच्या कारभारात गवंड्यांच्या जुन्या संघाचा मान मोठा आहे.

११९२ साली पोपने उबाल्दोला संत म्हणून जाहीर केले आणि ११९४ साली त्याचा देह गावातून उचलून डोंगरावर नेऊन ठेवण्यात आला. आजही तो तिथल्या बासिलिकेत काचेच्या पेटीत आहे. गाव खाली आणि गावाचा संत वर, हे अंतर पडले. आणि माझ्या मते सणाचा सगळा जीव या अंतरात आहे. वर्षातून एकदा गावाने धावत वर जायचे.

आता हे 'चेरी' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नावाने मेणबत्त्या असल्या तरी त्यांत मेण उरलेले नाही. चौदाव्या शतकातल्या नगरनियमांप्रमाणे संताच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या व्यावसायिक संघांनी मेणबत्त्या घेऊन जायचे असत. पुढे त्या मेणबत्त्यांची जागा प्रचंड लाकडी सांगाड्यांनी घेतली. आजचा एकेक चेरो पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचा आणि सुमारे पाच मीटर उंचीचा असतो. दोन अष्टकोनी लाकडी खांब एकावर एक, खाली वाहून न्यायची चौकट, आणि टोकाला संताची छोटी मूर्ती. असे तीन चेरी. पहिला संत उबाल्दोचा, तो गवंडी-पाथरवटांचा. दुसरा संत जॉर्जचा, तो व्यापारी आणि कारागिरांचा. तिसरा मठवासी संत अँथनीचा, तो मूळ खेचरवाल्यांचा, पुढे शेतकऱ्यांचा आणि, वाचकहो, विद्यार्थ्यांचा. उबाल्दोवाल्यांचे सदरे पिवळे, जॉर्जवाल्यांचे निळे, अँथनीवाल्यांचे काळे. पाटलोणी सर्वांच्या पांढऱ्या, गळ्यात नि कमरेला लाल पट्टा.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी हे तिन्ही चेरी डोंगरावरच्या बासिलिकेतून आडवे करून गावात आणतात. १५ मेच्या पहाटे ढोल वाजवून गाव जागे केले जाते. सकाळी गवंड्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना होते आणि तिथे ठेवलेल्या तीन संतांच्या मूर्ती बाहेर येतात. भर दुपारी, बाराच्या सुमारास, गावच्या मोठ्या चौकात, चौदाव्या शतकातल्या कौन्सुलांच्या राजवाड्यासमोर, चेरी उभे केले जातात. प्रत्येक चेरोचा एक नायक असतो. तो चौकटीवर चढून मातीच्या रंगीत घागरीतले पाणी ओततो, घागर गर्दीत भिरकावतो आणि त्याच क्षणी ते आडवे धूड माणसांच्या बळावर सरळ उभे राहते. घागरीच्या खापऱ्या शुभ मानतात. त्यांच्यासाठी लोकांची झुंबड उडते. मग चौकात फेऱ्या होतात, आणि चेरी गावभर हिंडू लागतात. ज्यांनी पूर्वी खांदा दिला पण आता म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या खिडकीखाली चेरो नेऊन उभा करतात. एवढा एक प्रघात आपण उचलला तरी पुष्कळ होईल, असे मला वाटते. आपल्याकडे पालखी दारात येते ती बहुधा दार ज्याचे मोठे त्याच्याच.

संध्याकाळी सहाच्या सुमारास बिशप आशीर्वाद देतो आणि धाव सुरू होते. अंतर चार किलोमीटरांहून थोडे अधिक. अरुंद दगडी गल्ल्या, उतार, वळणे, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि मधून पावणेतीनशे किलोचा उभा खांब जिवाच्या आकांताने पळतो आहे! एकाच माणसाला हे ओझे फार वेळ पेलत नाही. थोड्याच अंतरावर खांदा बदलावा लागतो आणि तो न थांबता, पळता पळता बदलायचा असतो. बाहेरचा माणूस आत शिरतो, आतला बाहेर पडतो, चेरोला मात्र त्याचा पत्ता लागता कामा नये. पाय अडखळला तर खांब कलतो, छपराच्या वळचणीला घासतो, कधी पडतोही. खांब कलणे ही नामुष्की आणि पडणे ही त्याहून मोठी. शेवटचा टप्पा वेशीबाहेरचा, वळणावळणांच्या चढणीचा. गावापासून बासिलिकेपर्यंत सुमारे तीनशे मीटरांची चढाई. रिकाम्या हातांनी चालणाऱ्यालाही धाप लागावी अशी. ती हे लोक पळत चढतात.

आता मुख्य गोष्ट. या शर्यतीत पहिला कोण येणार हे आठशे वर्षांपूर्वीच ठरल्यासारखे आहे. पुढे उबाल्दो, मध्ये जॉर्ज, शेवटी अँथनी. मागच्याने पुढच्याला ओलांडायचे नाही, ही मर्यादा. पुढचा पडला तर मागच्याने थांबायचे. हे प्रथम वाचणारा आजचा तरुण हसेल आणि विचारील, 'मग पळायचे कशाला?' क्रीडाशिक्षक तर याला शर्यतच म्हणणार नाहीत. पण गुब्बियोच्या माणसाला विचारले तर तो सांगेल की पळायचे ते खांब सरळ ठेवण्यासाठी, खांदा चुकू न देण्यासाठी, पुढच्याला चिकटून राहण्यासाठी. चुरस नाही असेही नाही. वर पोचल्यावर उबाल्दोचे लोक आत शिरताच दरवाजा लावून घेण्याची धडपड करतात आणि जॉर्जचे लोक तो लागण्यापूर्वी आत घुसण्याची. दरवाजा लागला की नाही, दोघांमध्ये अंतर किती राहिले, कोणाचा खांब कुठल्या वळणावर कलला, यावर वाद घालायला पुढचे वर्ष असतेच. पण त्या वादाच्या शेवटी कोणाच्या हाती ढाल येत नाही आणि कोणी हरलेला म्हणून घरी जात नाही.

मला या व्यवस्थेचे मोठे नवल वाटते. स्पर्धा म्हटली की दुसऱ्याला मागे टाकणे, हे समीकरण आपण शाळेपासून इतके पाठ केले आहे की दुसरी कल्पना डोक्यात शिरत नाही. आपल्या गणेश मंडळांची स्पर्धा पाहा. मूर्ती शेजारच्या गल्लीपेक्षा दोन फूट उंच, भिंती हादरवणारा आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा. शेजारी हरला तरच आपण जिंकलो. गुब्बियोत शेजारी पडला तर आपल्यालाही थांबावे लागते. म्हणजे पुढच्याचे नीट चालणे ही मागच्याची गरज होते. मी असे म्हणत नाही की त्या लोकांत हेवेदावे नसतील; माणसे तिथेही माणसेच. परंतु त्यांच्या सणाने हेव्याला जायला वाट ठेवली आहे आणि त्या वाटेवर एक मर्यादाही घातली आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. हा सण कोणाचा?

पंडितांत यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सण ख्रिस्ती आहे. उबाल्दोसाठी नेलेल्या मेणबत्त्यांतून तो वाढला, याला नगरनियमांचा आधार आहे. दुसरा पक्ष म्हणतो की चेरी हे नाव सेरेस या धान्यदेवतेवरून आले; मे महिन्यात डोंगरावर उंच खांब नेण्याचा हा विधी ख्रिस्तापूर्वीचा, वसंताचा असला पाहिजे. या दुसऱ्या पक्षाच्या हाती एक वजनदार पुरावाही आहे. गुब्बियोत १४४४ साली काशाचे सात लेखपट सापडले, असे परंपरा सांगते. १४५६ साली नगरपालिकेने ते त्यांच्या मालकाकडून दोन वर्षांच्या चराईच्या हक्काच्या बदल्यात घेतले. (इतका स्वस्त सौदा कुठल्याच पुराणवस्तूखात्याने केला नसेल!) ख्रिस्तपूर्व शतकांतल्या उंब्रियन भाषेतला हा सर्वांत मोठा मजकूर, आणि त्यात विधी सांगितले आहेत ते गावाच्या डोंगराच्या शुद्धीचे, तीन वेशींवर द्यायच्या बळींचे, तीन देवांच्या पूजेचे. डोंगर आहे, मिरवणूक आहे, तीनाचा आकडाही आहे. मग सण ख्रिस्ती कसा, असे विचारणाऱ्याला एकदम वेड्यात काढता येत नाही.

मराठी आणि कन्नड वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. विठ्ठल मूळचा कोणाचा, यावर आपण किती शाई खर्च केली आहे! रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ साली निघाला. धनगर-गोपाळांच्या लोकदेवापासून विठ्ठल कसा घडत गेला, आणि त्याची मुळे कर्नाटक-आंध्रापर्यंत कशी पोचतात, हे त्यात त्यांनी मांडले. काहींना ते रुचले, काहींना झोंबले. पण आषाढीला पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याचे पाऊल त्याने एका बोटानेही सरकले नाही. उगमाचा शोध हे विद्वत्तेचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. मात्र उगमाच्या दाखल्यावर सणाचा सातबारा कोणाच्या नावे करता येत नाही. काशाच्या पटांवर ज्यांची नावे आहेत ते पुरोहित आज उठून आले तरी गुब्बियोचे लोक त्यांना एवढेच विचारतील, 'तुमचा सदरा कोणत्या रंगाचा?'

बरे, मग चर्चचा म्हणावा? बिशपवाचून सण सुरू होत नाही हे खरे. परंतु तिथले राजकारण पाहा. उंब्रिया हा दुसऱ्या महायुद्धानंतर लाल मतदारांचा प्रांत म्हणून ओळखला गेला. १९७० साली प्रांतिक सरकारे अस्तित्वात आली तेव्हापासून २०१९ पर्यंत तिथे डाव्यांचीच सत्ता होती. याच डाव्या सरकारच्या काळात, १९७३ साली, प्रांताचे बोधचिन्ह ठरले आणि त्यावर आले ते गुब्बियोचे तीन चेरी! कम्युनिस्ट अध्यक्ष असलेल्या सरकारने एका कॅथलिक संताच्या सणाचे लाकूड आपल्या कागदपत्रांच्या माथ्यावर छापले. याला कोणी ढोंग म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या गवंड्याचे मत डाव्यांना जात होते, त्याचाच खांदा उबाल्दोला जात होता. त्याला त्यात विसंगती वाटली नाही, तर पुस्तके वाचून आपल्याला का वाटावी?

पर्यटकांचा तर हा सण नव्हेच, जरी १५ मेला गावात पाय ठेवायला जागा नसते. युनेस्कोने २०१३ साली खांद्यावरून मिरवल्या जाणाऱ्या इटालियन देवरचनांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात नोला, पाल्मी, सास्सारी आणि वितेर्बो ही चार गावे आहेत, गुब्बियो नाही. त्यामुळे गुब्बियोचा एकही खांदा कमी झालेला नाही.

याच्या उलट एक उदाहरण घ्या. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या पट्ट्यात जेसप नावाचे गाव आहे. गुब्बियोचे पुष्कळ लोक खाणीत काम करायला तिकडे गेले आणि जाताना सण बरोबर घेऊन गेले. आजही मे महिन्याच्या अखेरीस तिथे तेच तीन संत त्याच क्रमाने धावतात. ना तो डोंगर, ना ती बासिलिका, ना ते काशाचे पट. पण खांदे होते, म्हणून सण झाला. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या मे महिन्यात, आल्प्समधल्या कोल दि लाना या लढाईच्या डोंगरावर गुब्बियोच्या सैनिकांनी जमेल तसे चेरी बनवून आपला १५ मे पाळला. आणि २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीमुळे गुब्बियोत चेरी धावले नाहीत. डोंगर जागेवर होता, संत जागेवर होता, बिशपही होता. खांद्याला खांदा लावायला बंदी होती. तेवढ्यानेच सण थांबला. २०२२ साली ती बंदी उठली आणि लोक पुन्हा पळाले. सणाचा मालक कोण, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

इथवर मी जे मांडले ते पुष्कळांना पटेल. पण याच विचारातून एक अडचण उभी राहते आणि ती लपवून पुढे जाणे बरे नव्हे. ज्याचा खांदा त्याचा सण, असे म्हटले की ज्याचा खांदा घेतलाच जात नाही त्याचे काय? गुब्बियोत परंपरेने चेरो उचलतात ते पुरुष. बायका तोच सदरा घालतात, त्याच रंगाचा अभिमान बाळगतात, बाजूने धावतात, ओरडतात, घरी शेकडो पाहुण्यांची उस्तवार करतात. पण चौकटीखाली त्यांना जागा नाही. पाने वाढणाऱ्या हातांनाही सणाचे मालक म्हणावे, असे गोड उत्तर देता येईल. आपल्याकडेही तेच देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. मान वाटताना खांदा मोजायचा आणि खांदा देताना माणूस निवडायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि गुब्बियोला नावे ठेवण्याआधी घराकडे पाहू. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात, त्या पाहिलेल्या माणसाला चेरी परके वाटणार नाहीत. तोच डोंगर, तोच उंच खांब, तोच तोल सांभाळण्याचा पराक्रम, आणि मानाचा ठरलेला क्रमही तसाच. आपल्या बेळगाव भागातूनही लोक पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जातात. आमच्याकडच्या गावांत रथ ओढतात, ज्याला कन्नडमध्ये तेरु म्हणतात. त्या दोरीला हात लावताना कोण मराठी, कोण कानडी हे कोणी विचारत नाही, ही आपली जमेची बाजू. पण दोरीच्या कुठल्या टोकाला कोणत्या वाड्यातल्या माणसाने हात लावायचा, आणि कोणी लावायचाच नाही, हे अजून कित्येक गावांत विचारले जाते. तिथे 'मान' हा शब्द फार सोयीचा पडतो. मान एकाचा, आणि घाम मात्र वाटेल त्याचा! गुब्बियोत एके काळी चेरो ज्या त्या धंद्याचा होता. गवंड्याचा मुलगा वकील झाला, शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला, धंद्यांच्या भिंती पडल्या. आज सदऱ्याचा रंग घराण्याच्या आणि ओढीच्या जोरावर ठरतो. म्हणजे परंपरा न मोडता तिची वेस रुंद करता येते, हे त्या लोकांनी करून दाखवले आहे. बायकांच्या बाबतीत त्यांना ते अजून साधायचे आहे. आपल्याला तर दोन्ही साधायचे आहे.

दुसरीकडे, जिथे खांद्याला बंदी नाही तिथे आपणच खांदा काढून घेत चाललो आहोत. गणपती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसतो, वीज भाड्याच्या जनरेटरची, आवाज भाड्याच्या भिंतींचा, ढोलताशांचे पथकही पैसे मोजून दुसऱ्या गावचे. मंडळाची पोरे पुढे नाचतात ती मोकळ्या खांद्यांनी. उत्सव संपल्यावर वर्गणीचा हिशेब उरतो, बाकी काही नाही. आणि हे सांगताना बोट फक्त मंडळांकडे दाखवून चालणार नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा मांडव, पडदे, दिवे, एवढेच काय सूत्रसंचालनसुद्धा हल्ली कंत्राटाने देता येते. सतरंज्या अंथरता अंथरता आणि खुर्च्या उचलता उचलता जे मैत्र जुळायचे, त्याचे कंत्राट कोणी घेत नाही.

आपल्यापैकी निम्मे अधिक विद्यार्थी दोन-तीन वर्षांत नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब जातील. जत्रेला सुट्टी काढून येतील, फोटो काढतील, परत जातील. हे वाईट आहे असे नाही. जेसपचे खाणकामगारही गाव सोडूनच गेले होते. पण जत्रेचे नियम जत्रेच्या दिवशी ठरत नाहीत. ते ठरतात महिनाभर आधी, देवळाच्या ओट्यावर भरणाऱ्या पंचांच्या बैठकीत. दोरी किती लांब असावी, तिला कोणाचे हात लागावेत, पालखी कोणत्या गल्लीतून न्यावी, ट्रॉली आणावी की खांद्यावर घ्यावे, हे तिथे बोलले जाते. त्या बैठकीला तरुण माणूस क्वचितच दिसतो, मुलगी तर नाहीच. येत्या जत्रेच्या बैठकीची तारीख आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?